अंगठ्याखालचा लिव्हर

हँडलवरचा लिव्हर निघून माझ्या हातात आला, तेव्हा इरफानभाईनं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला. तो माझ्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं आहे आणि विचारल्याशिवाय सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"पंडितजी, इसको काहे निकाल दिए? चल तो रहा था."

"चल रहा था, इसीलिए निकाला. बूढ़ा आदमी है, भूल गया तो टांग तुड़वा बैठेगा."

"चचा से पूछ लिए हैं?"

"उनको अपनी बहन का नाम याद नहीं, लिवर क्या याद होगा?"

असं म्हणून मी तो लिव्हर पितळेच्या डब्यात टाकला आणि पुढच्या कामाला लागलो. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, याची मला आज लिहितानाही लाज वाटते. पण झालं ते नीट सांगायचं तर तिथूनच सांगायला हवं.

मी बनारसमध्ये जुन्या मोटरसायकली दुरुस्त करतो. आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, पाच पिढ्यांपासूनचं. घरातले बाकी सगळे पूजा सांगणारे. घराण्याला काळं फासलं ते मी, आणि तेही ग्रीसचं. इथले लोक मला पंडितमिस्त्री म्हणतात. त्यात मान किती आणि टिंगल किती, याची चौकशी मी कधी केली नाही. वर्कशॉप लहरताऱ्याला आहे. लखनौपासून कोलकात्यापर्यंतचे हौशी लोक आपल्या विलायती गाड्या टेम्पोत घालून माझ्याकडे आणतात. त्या गाड्यांवरच्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टी कशासाठी आहेत, ते मला सांगता येतं. सांगायला आवडतंही. चहा आला की मी सुरू होतो आणि मग मला आवरणं कठीण जातं.

नलूताईंच्या दादांची गाडी अशाच गोष्टींनी भरलेली होती. विलायती, पाचशे सीसी, एका सिलिंडरची, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. तिचा मागचा मडगार्ड मधोमध बिजागरीवर उचलता येतो. पाहणाऱ्याला वाटतं, मोडला होता म्हणून जोडलाय. तो तसा असतो कारण गावापासून दहा कोसांवर पंक्चर झालं तर माणसाला एकट्यानं मागचं चाक सरळ ओढून काढता यावं. पुढच्या चाकालाही वेगळा स्टँड असतो, तोही त्याचसाठी. हँडलच्या मधोमध एक मोठी काळी फिरकी असते. ती आवळली की हँडल जड होतं आणि खडीच्या रस्त्यावर सामान लादलेली गाडी थरथरत नाही. आणि डाव्या मुठीच्या आतल्या बाजूला असतो अंगठ्यानं सरकवायचा एक लहान लिव्हर.

या लिव्हरचं जरा सविस्तर सांगायला हवं. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. ती नेमकी कधी पडावी, हे आजच्या गाड्यांत आपोआप ठरतं. त्या काळी ते चालवणारा ठरवायचा. स्टार्ट करताना ठिणगी जरा उशिरा हवी, म्हणून लिव्हर मागं घ्यायचा. इंजिन लागलं की हळूहळू पुढं न्यायचा. चढ आला की पुन्हा थोडा मागं, सपाटी आली की पुढं. म्हणजे दिवसभराच्या प्रवासात अंगठ्याला उसंत नसे. आणि स्टार्ट करताना लिव्हर मागं घ्यायला विसरलात, तर किक उलटी उसळून पायावर येते. नडगी मोडलेली दोन माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

जुलैमध्ये नलूताई दादांना टोटोत बसवून, म्हणजे आमच्याकडच्या बॅटरीच्या रिक्षात, वर्कशॉपवर आल्या. गाडी मागून टेम्पोत आली. नलूताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, अविवाहित. दादा त्यांचे थोरले भाऊ, शहाऐंशीचे. दोघं मंगला गौरीच्या देवळाजवळ राहायचे. आमच्या दोन्ही घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं येणंजाणं.

दादा पोथ्यांच्या कामावर होते. झाशी, सागर, दमोह, जबलपूर इकडे जी जुनी मराठी घरं आहेत, तिथल्या माळ्यांवर पडलेल्या पोथ्या शोधायच्या, त्यांच्या याद्या करायच्या, घरचे देतील त्या बनारसला आणायच्या. त्यासाठीच ही गाडी त्यांनी जुनी म्हणून घेतली होती. मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, पावसापासून पोथ्या वाचाव्यात म्हणून आतून मेणकापड लावलेलं. सुट्टी असली की मागच्या सीटवर नलूताई, मांडीवर याद्यांची वही. आमच्या गल्लीत एवढी मोठी गाडी दुसरी नव्हती. ती स्टार्ट होताना मीही शंभरदा पाहिली असेल.

"अरे वसंता," नलूताई म्हणाल्या, "देखणी नको करूस. रंग-बिंग काही नको. दादाला ती स्वतः स्टार्ट करता आली पाहिजे, बस."

"दादांना? नलूताई, अहो, या वयात?"

"पाय मजबूत आहेत त्याचे. घाटाच्या पायऱ्या रोज चढतो-उतरतो. डोकंच तेवढं..." त्यांनी हातानं पाटी पुसल्यासारखं केलं. "गेल्या महिन्यात दोनदा गल्लीतच हरवला. नाववाल्यानं आणून सोडला. मला आता एकटीला जमत नाही रे. नवरात्राच्या आधी त्याला नागपूरला पोचवणार, आमच्या भाच्याकडे. त्यांच्याकडे जागा एकाचीच आहे. मी परत येईन."

"आणि गाडी कशाला?"

त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "मला तो आता 'बाई' म्हणतो. 'बाई, चहा झाला का?' स्वैपाकाची बाई समजतो. तुला आठवत असेल, गाडी एकदा धडधडायला लागली की तो मागं न बघताच म्हणायचा, 'नले, बस मागे.' तेवढं एकदा ऐकायचंय. मग जाईना का भाच्याकडे."

हे सगळं बोलणं दादांच्या समोर चाललं होतं, जणू ते तिथं नाहीतच. ते प्लास्टिकच्या खुर्चीत शांत बसले होते. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर, आणि अंगठा पुढं-मागं, पुढं-मागं.

"हात थरथरतो का त्यांचा?" मी विचारलं.

"छे, खोड आहे ती. वर्ष झालं. बसला की अंगठा सुरू."

मी मान हलवली आणि गाडीकडे वळलो.

पुढचे अडीच महिने मी त्या गाडीवर मनापासून काम केलं. हे सांगतो ते बढाई म्हणून नाही. मन लावून केलेलं काम चुकलं की त्याला सबबही राहत नाही. इंजिन पूर्ण उघडलं. कार्ब्युरेटर साफ केला. टाकीचा गंज काढला. बिजागरी, स्टँड, फिरकी, पत्र्याच्या पेट्या, सगळं जसंच्या तसं ठेवलं. फक्त ठिणगीचं काम बदललं. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. त्यात ठिणगीची वेळ आपोआप ठरते, किक उलटी बसत नाही. मग तो लिव्हर निरुपयोगी झाला. नुसताच ठेवला तर म्हाताऱ्याचा गोंधळ उडेल, असा विचार करून मी तो काढला. दादांना स्वतः स्टार्ट करता आली पाहिजे, असं नलूताई म्हणाल्या होत्या. मी त्याचा अर्थ लावला, सोपी झाली पाहिजे.

आता पितळेच्या डब्याचं. ही रीत माझ्या उस्तादांनी घालून दिलेली आहे. गाडीतून निघालेला लोखंडी माल पिशवीत भरून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. पितळ मात्र द्यायचं नाही. झिजलेले बुश, जेट, पेट्रोलचे कॉक, जे निघेल ते वर्षभर एका डब्यात साठवायचं. सप्टेंबरात हत्यारं-यंत्रांची विश्वकर्मा पूजा असते, तिच्या आधी तो डबा ठठेरी बाजारात न्यायचा. तिथला ठठेरा, म्हणजे आपला तांबट, ते गाळून एक दिवा ओतून देतो, आणि पूजेला तोच लावायचा. वर्षभरात ज्या गाड्यांवर हात चालला, त्या सगळ्यांचं काहीतरी त्या दिव्यात असावं, अशी उस्तादांची कल्पना. गिऱ्हाइकांना याचं कौतुक वाटतं. कुणी कधी पितळ परत मागितलं नाही, म्हणून मीही कधी विचारलं नाही.

दादांच्या लिव्हरवरचा निकेलचा मुलामा अंगठ्याखाली पार उडून गेला होता. खालचं पितळ सोन्यासारखं दिसत होतं, आणि बरोबर अंगठा बसेल एवढा खळगा पडला होता. ते मी पाहिलं होतं. किती वापरलाय बघा, असं इरफानभाईला म्हणालोही होतो.

पूजा झाली. त्यानंतर आठवड्यानं नलूताई दादांना घेऊन आल्या. नागपूरची रेल्वे दुसऱ्या दिवशी दुपारची होती. दादांना त्यांनी जुना खाकी शर्ट घातला होता. स्वतः पदर कमरेला घट्ट खोचला होता, प्रवासाला निघाल्यासारखा.

मी मोटरसायकल अंगणात उभी केली. दादा तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि कुणी काही न सांगता कामाला लागले. टाकीखाली हात घालून पेट्रोलचा कॉक उघडला. कार्ब्युरेटरवरची लहान पिन बोटानं दाबून धरली, पेट्रोल बोटावर येईपर्यंत. बोट पायजम्याला पुसलं. गाडीवर बसले. किकवर पाय ठेवून हळूच दाबली, इंजिन अडलं तिथं थांबले, डीकंप्रेशन ओढून इंजिनातला दाब सोडला आणि किक केसभर पुढं नेली. ज्या माणसाला सकाळी शर्टाची बटणं बहिणीनं लावून दिली होती, तो माणूस हे सगळं करत होता, आणि एकही पायरी चुकत नव्हता. नलूताईंनी पर्स माझ्या टेबलावर ठेवली आणि दोन पावलं पुढं सरकल्या.

मग दादांचा डावा अंगठा मुठीच्या आत गेला.

तिथं काही नव्हतं. अंगठा रिकाम्या जागी पुढं-मागं फिरला. दादा थांबले. खाली उतरले, आणि पुन्हा पहिल्यापासून. कॉक, पिन, बोट पुसणं, किक, डीकंप्रेशन, अंगठा. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तेच. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जमिनीवर ठिबकायला लागलं.

"पंडितजी," इरफानभाई माझ्या कानाशी म्हणाला, "कुर्सी पर यही तो करते थे."

एक वर्ष तो माणूस खुर्चीत बसून गाडी चालवत होता. आम्ही त्याला खोड म्हणत होतो.

आणि कळूनसुद्धा मी काय केलं? "दादा, आता त्याची गरज नाही," असं म्हणालो. "नुसती किक मारा, लागेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बस कंडक्टरनं चुकीचं तिकीट दिल्यावर बघावं तसं. किक मारली नाही. मग मीच पुढं होऊन मारली. दुसऱ्या किकला इंजिन लागलं. अगदी एकसारखं, मऊ चालत होतं. लिव्हर मागं असताना जो जुना जडशीळ ठोका पडायचा, तो त्यात नव्हता. दादांनी मान तिरकी करून ऐकलं. मग ते नलूताईंकडे वळले.

"बाई, ही आमची नव्हे. चला घरी."

नलूताईंनी खोचलेला पदर सोडला आणि खांद्यावर नीट घेतला. "तू तुझ्याकडून चांगलंच केलंस रे," त्या मला म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते दोघं गेल्यावर मी पितळेचा डबा उपडा केला. रिकामाच होता, पूजेच्या आधी मीच पोचवला होता. तरी ठठेरी बाजारात गेलो. तिथला ठठेरा कधीकधी थोडा माल न गाळता मागे ठेवतो. मी त्याच्या दुकानातलं पितळ उपसायला लागलो, तेव्हा म्हातारा ठठेरा म्हणाला, "का हेरत हउआ, गुरू?"

मी बोटांनी लिव्हरचा आकार दाखवला.

"ऊ त गल गयल," तो म्हणाला. "तोहरे दिया में हौ."

मी परत आलो. मॅग्नेटो तेवढा फळीवर शाबूत होता. इलेक्ट्रॉनिक किट काढून तो पुन्हा बसवला. लिव्हरसाठी एका मोडीत निघालेल्या गाडीचं हँडल कापलं. लोखंडी लिव्हर मिळाला, जरा लहान, पण अंगठ्याखाली येणारा. संध्याकाळी गाडी जुन्या पद्धतीनं लागली, जुन्या आवाजात. इरफानभाई तोवर थांबला होता. मला वाटलं, अजून वेळ आहे.

सकाळी नऊला मी ती गाडी घेऊन मंगला गौरीच्या गल्लीत गेलो. दारात बांधलेली बॅग होती. दादा बाहेरच्या दगडी चौथऱ्यावर आंघोळ करून बसले होते, कपाळाला गंध. डावा अंगठा मांडीवर चालू होता. मी गाडी त्यांच्या अगदी समोर लावली. इंजिन मुद्दाम चालू ठेवलं.

ते उठले. गाडीभोवती फिरले. मागच्या मडगार्डच्या बिजागरीवरून हात फिरवला, पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडून आतलं मेणकापड चाचपलं. मग ते माझ्याकडे बघून प्रसन्न हसले.

"गाडी सुरेख ठेवलीत हो तुम्ही."

"दादा, मी वसंता. आणि गाडी तुमचीच आहे. बसा ना."

"छे छे. दुसऱ्याच्या गाडीवर बसू नये." त्यांनी पेटीचं झाकण हळूच लावलं. "आमच्याकडेही होती अशीच एक. पार दमोहपर्यंत जायचो. बहीण असायची मागं बसलेली. नली नाव तिचं. फार हुशार. हल्ली कुठं असते, काही कळत नाही."

नलूताई दारात उभ्या होत्या. हातात पाण्याची बाटली होती. त्यांनी ती बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात नीट बसवली आणि म्हणाल्या, "दादा, चला. चहा घेऊन निघायचंय."

मी इंजिन बंद केलं.

दादा नागपूरला आहेत. भाचा चांगला आहे, आठवड्यातून एकदा फोन लावून देतो. दादा फोनवर नलूताईंना "आपण कोण?" असं अदबीनं विचारतात. अंगठा आता थांबलाय, असं भाचा सांगतो. त्याला ती सुधारणा वाटते.

गाडी माझ्याकडेच आहे. नलूताईंना ती घरात नको आहे, आणि मी ती कुणाला देत नाही. दिवाळीत मी त्या वर्षीचा दिवा घेऊन त्यांच्याकडे गेलो. खरं काय ते सांगून टाकलं, लिव्हर कुठं गेला तेही. त्यांनी दिवा हातात घेतला, खिडकीपाशी नेला, सगळीकडून फिरवून पाहिला.

"यात तो कुठल्या बाजूला असेल रे?" त्यांनी विचारलं.

गाडीवरची प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे हे सांगणारा मी. मला सांगता आलं नाही. दिवा त्यांनी ठेवून घेतला.

तेव्हापासून वर्कशॉपवर एक पद्धत बदलली आहे. जुनी गाडी आली की आधी मालकाला तिच्यावर बसवतो आणि डोळे मिटून स्टार्ट करायला सांगतो. त्याचे हात जिथं-जिथं जातात, तिथं इरफानभाई खडूनं खूण करतो. खुणेच्या ठिकाणचं काही काढत नाही, मग ते कितीही निकामी असो. पितळही आता विचारून घेतो. बहुतेक जण घ्या म्हणतात, पण विचारतो. कुणा घरात म्हातारा माणूस असेल, तर त्याला खुर्ची देऊन त्याच्या समोर बसतो आणि त्याच्याशीच बोलतो.

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. माझ्याकडे अडीच महिने होते.